कुलूप न तुटता झालेली चोरी

घर दाखवायच्या आधी मालकीणबाईंनी मला नियम सांगितले. भिंतीला खिळा मारायचा नाही. जमिनीत उखळ पुरायचं नाही. दाराला, खिडकीला, कशालाही नवं काही लावायचं नाही आणि जुनं काही काढायचं नाही. "भाडेकरू आज हाय, उद्या न्हाई," त्या म्हणाल्या, "भोकं मात्र आमच्या भिंतीला जल्मभर ऱ्हातात." मी मान डोलावली. वसमतला मुलींच्या शाळेत नोकरी लागून मला चारच दिवस झाले होते, आणि एकट्या विधवेला खोली द्यायला आधीच्या तीन घरांनी नकार दिला होता. मान डोलावण्यावाचून दुसरं काय करणार होते? पण आजही ते आठवलं की डोकं तापतं. घर सांभाळायची जबाबदारी सगळी माझी, आणि घर सांभाळायला जे जे करावं लागतं त्याला बंदी, हा कुठला न्याय?

ही गोष्ट निजामाचं राज्य जायच्या तीनेक वर्षं आधीची. माझं माहेर शिरड शहापूरचं, शेतकऱ्याचं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नवरा तापानं गेला. भावानं भावकीशी भांडून मला पुढे शिकवलं आणि मास्तरीण केलं. वसमतला आले तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची पेटी होती, एक वळकटी होती आणि भावानं दिलेलं अलिगढचं मोठं पितळी कुलूप होतं. कुलूप देताना तो म्हणाला होता की गावात चोऱ्या फार होतात, आणि त्यातही दिवसा होतात. त्याचं खरंच होतं. बाजाराच्या दिवशी, हळदीच्या हंगामात, सगळं गाव आडतीकडे आणि बाजाराकडे लोटलं की मागच्या गल्ल्या ओस पडायच्या. मी राहायला आले त्याच आठवड्यात शेजारच्या सोनारणीची दोन पातेली आणि वाळत घातलेलं धडुतं भरदुपारी खिडकीतून गेलं.

माझ्या दोन खोल्या मालकांच्या घराला पाठीमागून चिकटलेल्या होत्या. दार वेगळं, मागच्या गल्लीत उघडणारं. वर मातीचं माळवद. स्वयंपाकाच्या खोलीत धूर जायला आणि उजेड यायला माळवदाला चौकोनी भोक ठेवलेलं होतं. आमच्याकडे त्याला सानं म्हणतात. ते सानं एवढं मोठं होतं की खाली बसून मला चांगलं हातभर आभाळ दिसायचं. गल्लीतली माळवदं एकमेकांना लागून. एका घराच्या शिडीवरून चढलेला माणूस सहा घरं ओलांडून कुणाच्याही सान्यापाशी जाऊन बसू शकत होता. खिडकीला चार गजांपैकी दोन शिल्लक होते. दाराला आतून अडसर भक्कम होता, पण अडसर आतून लागतो आणि मी दिवसभर बाहेर.

मी मालकीणबाईंना गजांचं विचारलं. त्या म्हणाल्या, आधीच्या भाडेकरूला दोन गजांत काही तकलीफ झाली नव्हती. सान्यावर फळी टाकू का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या की माळवद त्यांचं, त्यावर त्यांचं वाळवण असतं, फळीबिळी काही ठेवायची नाही. मालक स्वतः हळदीचे आडते, दिवसभर बाजारात. ते घरच्या कुठल्याच बाबतीत तोंड घालत नसत. कुलपाला मात्र बाईंनी हरकत घेतली नाही. दोन किल्ल्यांपैकी एक मागून घेतली. "आग लागली, साप निघाला, तर आमी काय दार फोडत बसावं?" बोलणं रास्त होतं. मी किल्ली दिली. ती त्यांनी देवघरात खिळ्याला अडकवली. खिळा त्यांच्याच भिंतीला होता, पण त्यांना कोण बोलणार?

एक गोष्ट त्यांनी तेव्हाच बोलून दाखवली होती. दिवसा कुलूप चालेल, पण तिन्हीसांजेला दाराला कुलूप बरं दिसत नाही. दिवेलागणीला लक्ष्मी दारोदार फिरते, त्या वेळी पुढचं दार सताड उघडं असावं, हे आमच्या गावातही होतंच. मी सांगितलं की शाळा सुटल्यावर एका व्यापाऱ्याच्या दोन लेकींना मी शिकवायला जाते, दिवे लागून गेल्यावरच परतते, माझा इलाज नाही. त्या आपल्या कामाला लागल्या. मी समजले, विषय मिटला.

सान्याचा प्रश्न सोडवला तो लाकडं विकणाऱ्या लमाणीणीनं. गावाबाहेर दीड कोसावर तिचा तांडा होता. दर तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती मोळी घेऊन यायची. माझ्याच वयाची असेल. कोपरापर्यंत पांढरी बलोयं, म्हणजे हाडाच्या बांगड्या, आरशांचं भरतकाम केलेली चोळी, आणि चालणं असं की डोक्यावर मोळी आहे हे तिच्या मानेला ठाऊकच नसावं. मी तिला पाणी द्यायची, कधी भाकरी आणि वर अंबाडीची भाजी. ओट्यावर बसून ती खायची आणि घराकडे बघायची. मला वाटायचं, बाईला माझं घर आवडलेलं दिसतं. एक दिवस पाणी पिता पिता ती वर बघून म्हणाली, "बाई, इथून मांजर न्हाई, मानूस उतरन."

मी म्हटलं, ठाऊक आहे, पण मालकीण फळी ठेवू देत नाही. ती म्हणाली, फळी कशाला, काटा ठेवू. तिच्या आज्याच्या काळी तांडा बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचा. जिथे मुक्काम पडेल तिथे आधी गोण्यांची उतरंड, भोवती बाभळीच्या काट्यांचं वडगं, आणि मग चूल. काट्याला कुलूप लागत नाही, किल्ली लागत नाही, तो झोपत नाही, असं ती म्हणाली. पुढच्या खेपेला मोळीवर वाळलेल्या बाभळीच्या फांद्या बांधून घेऊन आली. शिडी लावून माळवदावर चढली आणि सान्याच्या तोंडावर फांद्या एकमेकींत अशा अडकवल्या की धूर जायचा, उजेड यायचा, पण हात घालणाऱ्याचं कातडं तिथेच राहिलं असतं. अंबाडीच्या दोरीनं त्या तिनं कडेच्या दगडाला बांधल्या. मी खाली उभी राहून बघत होते. मग तिनं खिडकीच्या रिकाम्या जागेतही काटेरी झुडूप ठोसून बसवलं. एकही खिळा लागला नाही.

मालकीणबाई वर वाळवण घालायला गेल्या तेव्हा त्यांना ते दिसलं. "लमाणीण आमच्या माळवदावर चढली व्हय?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. काटे काढायला त्यांनी सांगितलं नाही. बहुधा हात लावायची त्यांचीही छाती झाली नसावी.

असे सात महिने गेले. मी निर्धास्त होते. सकाळी कुलूप लावायची, दोनदा ओढून बघायची, दुपारी येऊन उघडायची, पुन्हा लावायची, दिवे लागल्यावर परत यायची. कुलूप जसंच्या तसं लटकलेलं असायचं. उंबऱ्यावर मात्र रोज हळदीकुंकवाची ताजी बोटं दिसायची. मला ठाऊक होतं ते कोण लावतं. विधवेनं उंबऱ्याला कुंकू लावायचं नाही आणि त्यांच्या वास्तूचा उंबरा तर कोरडा ठेवायचा नाही, म्हणून मालकीणबाई स्वतः येऊन लावून जायच्या. मला त्याचा राग यायचा. माझ्याच दारात माझ्या हाताला विटाळ! पण भाड्याच्या दारावर हक्क सांगणार कसा?

मग एका बाजाराच्या दिवशी मी दिवे लागल्यावर घरी आले, कुलूप उघडलं, दिवा लावला, आणि पेटी नव्हती. तांब्याची घागरही नव्हती. दोन लुगडी, आईचा चांदीचा करंडा, थंडीची घोंगडी, सगळं पेटीबरोबर गेलं होतं. मी आधी वर बघितलं. सान्यावरचे काटे जागच्या जागी. खिडकीतले काटे जागच्या जागी. कुलूप मी माझ्या हातानं आत्ताच उघडलेलं. मी त्या खोलीत खुळ्यासारखी उभी राहिले. चोरी झाल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं होतं ते हे की मला काही कळतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकीवर गेले. अमीनसाहेब, म्हणजे चौकीचे मुख्य, खाटेवर बसून चहा पीत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताला टूटा नहीं, दीवार फूटी नहीं. फिर चोर आया किधर से, उस्तानी?" मास्तरणीला ते उस्तानी म्हणत. मी म्हटलं, तेच तर विचारायला आले आहे. दुसरी किल्ली कुणाकडे आहे, असं त्यांनी विचारलं. मी मालकीणबाईंकडे असल्याचं सांगितलं. लगेच शिपाई जाऊन आला. किल्ली देवघरात खिळ्यालाच आहे, आडत्याचं घर अब्रूदार आहे, तिथे विचारण्यासारखं काही नाही, असा निरोप त्यानं आणला. मग साहेबांनी विचारलं की काल घरी कोण कोण आलं होतं. मी आठवून सांगितलं: दुपारी लमाणीण आली होती, लाकडं टाकून गेली. ती नेहमीची का? हो, नेहमीची. घर आतून पाहिलेलं आहे का तिनं? मी म्हटलं, पाहिलेलं काय, तिनंच तर माळवदावर चढून सान्याला काटे लावून दिले.

मी हे तिच्या बाजूनं बोलले होते. तिनं माझं घर राखलं, हे मला सांगायचं होतं. साहेबांनी शेजारी लिहायला बसलेल्या मुन्शीकडे बघितलं. मुन्शीची लेखणी चालू झाली. उर्दूत त्यानं पानभर लिहिलं आणि कागद माझ्यासमोर सरकवला. शाळेची वेळ होत आली होती. मी खाली मराठीत सही केली आणि निघाले.

तिसऱ्या दिवशी ती मोळी घेऊन आली नाही. मला वाटलं, बरं नसेल. संध्याकाळी मी शिकवणीला गेले नाही. चोरी झाल्यापासून घर सोडून जायला मन घेत नव्हतं. दार उघडं टाकून मी तांदूळ निवडत बसले होते. दिवेलागणीला मालकीणबाई आल्या. एका हातात कुंकवाची कोयरी, दुसऱ्या हातात निरांजन, आणि बोटाला अडकवलेली माझ्या कुलपाची किल्ली. मला बघून त्या जराही दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "आज तुमी घरीच? बरं झालं. कुलूप उघडायची तकलीफ वाचली."

मी विचारलं, कुठलं कुलूप?

त्यांनी उंबऱ्यावर बोटं उमटवता उमटवता सगळं सांगितलं, अगदी सहज. सात महिने त्या रोज तिन्हीसांजेला माझं कुलूप काढत होत्या. दोन्ही फळ्या सताड उघडायच्या, उंबरा पुजायचा, निरांजन आत कोनाड्यात ठेवायचं, आणि लक्ष्मी आत यावी म्हणून थोडा वेळ दार तसंच ठेवून आपल्या घरची दिवाबत्ती करायला जायचं. मग येऊन निरांजन उचलायचं, कुलूप लावायचं. मी परतायच्या आत. परवा काय झालं, त्यांची नणंद परभणीहून आली, तिच्याशी बोलण्यात जरा वेळ गेला. पण कुलूप त्यांनी आठवणीनं लावलं होतं, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. मी म्हटलं, अहो, त्याच वेळात चोर आत येऊन गेला. तुम्ही दार उघडून दिलंत त्याला.

त्यांना हे पटलंच नाही. नुसतं नाकारत होत्या असं नाही, त्यांना ते खरोखर समजत नव्हतं. दार त्यांनी लक्ष्मीसाठी उघडलं होतं. चोर आला हा चोराचा दोष. उलट त्याच माझ्यावर रागावल्या. "घराला कुलूप कवा लागतं, मास्तरीणबाई? वंश बुडाल्यावर लागतं. माझा एकच ल्योक, हैदराबादला. लग्नाला नऊ वर्सं झाली, पाळना न्हाई हलला. आन् तुमी रोज तिन्हीसांजेला माझ्या वास्तूला कुलूप लावून राहिल्या. मी काहून उघडू नये?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांची कीव यायला हवी होती, कदाचित आलीही असेल. पण मी चिडलेली होते. मी म्हटलं, हे त्याच दिवशी शिपायाला का सांगितलं नाही? त्या म्हणाल्या, शिपायानं किल्ली कुठे आहे ते विचारलं, त्यांनी दाखवली. दिवा कधी लावता हे त्यानं विचारलं नव्हतं. आणि आता तर सांगायची गरजच उरली नव्हती, कारण चोर सापडला होता. कोण सापडलं? "तीच की तुमची लमाणीण. कालच धरून आनलं. तुमीच तर लिहून दिलं म्हनं."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी माझ्या वर्गात मुलींना अर्थासकट सांगत असे. त्या संध्याकाळी ते मला उंबऱ्यावर बसून कळलं.

मी तशीच चौकीवर गेले. ती ओसरीच्या कोपऱ्यात खांबाला टेकून बसली होती. तिचा एक हात रिकामा होता. त्या हातातली बलोयं फुटली होती. कशी फुटली ते मी विचारलं नाही, आणि विचारायला हवं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान वळवली. मी अमीनसाहेबांना सगळं सांगितलं: किल्ली, दिवा, उघडं दार, परभणीची नणंद. ते हसले. आडत्याच्या बायकोला दिव्याच्या वेळेवरून चौकीवर बोलावू का, असं मलाच विचारलं. तांड्यावरच्या माणसाला पकडलं की चोऱ्या थांबतात, हा त्यांचा अनुभव होता म्हणे. पेटी सापडली का, विचारलं. नव्हती सापडली. तांडा उलटापालटा करून झाला, काही मिळालं नव्हतं. तरी तिला सोडायची घाई त्यांना नव्हती. शेवटी म्हणाले, एवढीच कणव आहे तर फिर्याद मागे घ्या.

मी घेतली. पुन्हा मुन्शीनं पान लिहिलं, पुन्हा मी खाली सही केली. पेटीवर पाणी सोडलं, त्याचं मला काही वाटलं नाही. तिला सोडलं. चौकीच्या पायरीवर मी तिच्याशी बोलायला गेले, तर ती थांबली नाही. तांड्याचा नाईक तिला न्यायला आला होता. म्हातारा मला हात जोडून म्हणाला की बाईनं सोडवलं, उपकार झाले. त्या हात जोडण्याची मला जेवढी शरम वाटली तेवढी कशाचीच वाटली नाही.

मालकीणबाईंनी मला आठ दिवसांत खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. अब्रूदार घरातल्या किल्लीची गोष्ट मी चौकीवर नेली, हा माझा गुन्हा. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात; माझं तर घरच दुसऱ्याचं होतं. मी शाळेजवळ एक खोली धरली. जाताना माझं कुलूप घेतलं, दुसरी किल्ली मागून घेतली. दार सताड उघडून त्यांनी निरांजन लावलं तेव्हा मी वळकटी उचलत होते.

मला वाटलं होतं, प्रकरण इथे संपलं. चार-पाच महिन्यांनी बाजाराच्या दिवशी शाळेच्या खिडकीतून मला ती दिसली. डोक्यावर मोळी नव्हती. रिकाम्या हातांनी चालली होती. पुढच्या आठवड्यालाही तशीच. त्याच्या पुढच्यालाही. मी वर्ग सोडून बाहेर गेले आणि विचारलं की लाकडं विकणं सोडलं का. तिनं मला ओळख दिली, पण पाय थांबवले नाहीत. "हजेरीला येऊन राहिले," ती म्हणाली.

तिचं नाव चौकीच्या वहीत चढलं होतं. दर बाजाराला तीन कोस येऊनजाऊन अंगठा उमटवायचा, म्हणजे ती कुठे पळून गेली नाही हे साहेबांना कळतं. नाही आली तर शिपाई तांड्यावर येतो, आणि शिपाई आला की एकटीपुरतं भागत नाही. हजेरीवरची बाई म्हणून कुणी तिची लाकडं घेईना. मी अमीनसाहेबांकडे गेले. फिर्याद मागे घेतली, मग नाव कशाला? ते म्हणाले, फिर्याद मागे घेतली म्हणून कैदेतून सुटली. वहीतलं नाव फिर्यादीनं चढतं, फिर्याद मागे घेतल्यानं उतरत नाही, तशी पद्धत नाही. मी भांडले. त्यांनी हेडमास्तरीणबाईंकडे निरोप पाठवला की तुमच्या उस्तानीला शिकवण्याकडे लक्ष द्यायला सांगा. माझी नोकरी कच्ची होती. मी गप्प बसले. कितीही संताप आला तरी गप्प बसले, हे इथे लिहून ठेवलं पाहिजे, नाहीतर मी फार शूर होते असं कुणाला वाटेल.

पुढचं वर्ष-दीड वर्ष सगळ्याच मुलखाचं वाईट गेलं. कुणाला कशाची शाश्वती राहिली नाही. शाळा बंद पडली, मी भावाकडे शिरड शहापूरला गेले. गावोगावची माणसं रानात झोपायची, सीमेपलीकडे जायची. आणि त्याही दिवसांत, हे मला नंतर समजलं, ती दर बाजाराला वसमतला येत होती. अमीन स्वतः चौकीबाहेर पडायला धजत नव्हता, पण तिचा अंगठा त्याला हवा होता.

मग हिंदी फौजा आल्या, चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य गेलं. चौकीवर तिरंगा लागला. शाळा उघडली, मी परत आले. अमीन गेला, नवे फौजदार आले, तरुण, मराठी बोलणारे. पहिल्याच बाजाराला मला ती शाळेवरून जाताना दिसली. राज्य बदललं होतं, वही तीच होती. त्या दिवशी मी वर्गाला सुट्टी दिली आणि तिच्या मागोमाग चौकीवर गेले.

फौजदारांनी मला खुर्ची दिली. मी उभीच राहिले. म्हटलं, या बाईनं काही केलेलं नाही, अडीच वर्षं ही उगाच अंगठा उमटवते आहे, हिचं नाव काढा. त्यांनी शांतपणे विचारलं की कशावरून चढलं ते आधी बघू. मुन्शी जुनाच होता. त्यानं गठ्ठा सोडला, कागद काढला. उर्दू फौजदारांना येत नव्हतं, तेव्हा त्यांनी त्याला मराठीत वाचून दाखवायला सांगितलं. ती खांबापाशी उभी होती, अंगठ्याला शाई लागलेली.

मुन्शी वाचू लागला. 'फिर्यादीचा पक्का शक सदर लमाणीणीवर आहे. सदर औरत मोळीच्या बहाण्यानं घर पाहत असे. ती छतावर चढून सान्यातून आतला माल पाहत असताना फिर्यादीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. ती सुटली तर फिर्यादीच्या घराला धोका आहे.'

मी म्हटलं, हे मी बोलले नव्हते. फौजदारांनी कागद माझ्याकडे फिरवला. खाली माझी सही होती, ठळक, वळणदार, मुलींना कित्ता घालून द्यावा तशी. "ही तुमचीच ना?" मी हो म्हटलं. मुन्शी खाली बघत होता. त्याच्यावर ओरडावं असं मला फार वाटलं, आणि मी ओरडलेही. पण तो म्हणाला की त्यानं कागद समोर ठेवला होता, बाईंनी वाचून मागितला असता तर वाचून दाखवला असता.

फौजदार म्हणाले, ही फिर्याद खरी नव्हती असं लिहून द्या, मी माझ्या अखत्यारीत नाव काढतो. मी मराठीत लिहून दिलं. या वेळी मुन्शीला हात लावू दिला नाही. लिहिलेलं सगळ्यांसमोर मोठ्यानं दोनदा वाचलं. त्यांनी वही उघडून तिच्या नावावर रेघ मारली आणि तिला सांगितलं की आता यायचं नाही. तिनं ओढणीच्या टोकाला अंगठ्याची शाई पुसली आणि बाहेर पडली.

मी पायऱ्या उतरून तिला गाठलं. इतकी वर्षं मनात जे काही होतं ते सगळं बोलायचं होतं, पण तोंडून निघालं एवढंच, की मुन्शीनं मनानं लिहिलं ते, मला ठाऊक नव्हतं, मी तो कागद वाचलाच नव्हता.

ती पहिल्यांदाच थांबली. माझ्याकडे नीट बघितलं. आवाजात राग नव्हता, खरोखर विचारल्यासारखं तिनं विचारलं.

"बाई, तुमी तर पोरींना वाचाया शिकवता ना?"